बाळंतिणीचा ताप आणि आपला अर्धा धडा



दरवर्षी पावसाळा आला की आपण सगळेच फळ्यावर एक वाक्य लिहितो. "डेंग्यू हा आजार एका माणसाकडून दुसऱ्या माणसाला थेट होत नाही, तो एडिस डासाची मादी चावल्यामुळे होतो." मुलं ते वहीत उतरवून घेतात, चाचणीत रिकाम्या जागा भरतात, आपण बरोबरची खूण करतो. मीही कित्येक वर्षं हेच करत आले. गेल्या पावसाळ्यात मात्र सहावीतल्या एका मुलीनं मला याच वाक्यावर अडवलं.

ती चार-पाच दिवस शाळेत आली नव्हती. आल्यावर विचारलं तर म्हणाली, ताईचं लेकरू लातूरला काचेच्या पेटीत ठेवलंय. थोरली बहीण पहिल्या बाळंतपणाला माहेरी, म्हणजे इथं औशाला आलेली. बाळ झालं, वजन चांगलं, रडलं चांगलं. तिसऱ्या दिवशी अंग गरम लागलं, दूध ओढेना. घरातल्या मोठ्यांनी ठरवलं, पाचवी पुजून घेऊ आणि मग दाखवू. पाचवीच्या संध्याकाळी बाळ इतकं मलूल झालं की रात्रीच गाडी करून न्यावं लागलं. तपासणीत डेंग्यू निघाला.

तिचा प्रश्न साधा होता. "मॅडम, बाळ तर मच्छरदाणीतच होतं. त्याला डास कवा चावला?"

मी म्हणाले, चावला असेल, आपल्याला दिसला नसेल. तिनं वही उघडली. मीच लिहून दिलं होतं, की डास चावल्यापासून ताप यायला साधारण ४ ते १० दिवस लागतात. "मग तिसऱ्या दिवशी ताप कसा आला?" वर्गात कुणीतरी हसलं. मला हसू आलं नाही. तिचं गणित बरोबर होतं, माझं वाक्य अपुरं होतं. "उद्या सांगते," म्हणाले आणि तास संपवला.

त्यानंतर जे वाचलं, डॉक्टरांना विचारलं, ते तुमच्यासमोर मांडते आहे. मी डॉक्टर नाही, विज्ञान शिकवणारी बाई आहे. पण हा विषय दवाखान्याइतकाच आपल्या घराचा आणि वर्गाचा आहे असं माझं ठाम मत झालं आहे.

डास न चावता डेंग्यू

उत्तर असं आहे, की बाळाला डास चावलाच नव्हता. डास चावला होता आईला.

दुसऱ्या दिवशी त्या मुलीची आई शाळेत आली होती, तेव्हा बोलता बोलता कळलं. बाळंतपणाच्या दोन दिवस आधी लेकीला ताप होता, डोकं आणि पाठ ठणकत होती. "दिवस भरले की अंग गरम राहतंच म्हणून सोडून दिलं मॅडम. मेडिकलमधून गोळी आणली. कळा सुरू झाल्या, मग तापाचं कुणाच्या ध्यानात राहिलं?" दवाखान्यात गेल्यावर तापाचं कुणी विचारलं नाही आणि यांनी सांगितलं नाही.

डेंग्यूचा ताप असतो त्या चार-पाच दिवसांत विषाणू रक्तात असतो. गरोदर बाईच्या बाबतीत तो वारेतून बाळाकडे जाऊ शकतो. आता यात महत्त्वाचं आहे ते वेळेचं. आईला ताप येऊन गेल्यावर काही दिवसांत तिचं शरीर विषाणूशी लढणारी प्रतिपिंडं तयार करतं आणि तीही वारेतून बाळाला मिळतात. ताप आणि जन्म यांच्यात पुरेसे दिवस गेले, तर बाळ ही शिदोरी घेऊन येतं. पण ताप ऐन बाळंतपणाच्या तोंडावर आला, तर विषाणू पोचतो आणि शिदोरी मागे राहते. म्हणून बाळंतपणाच्या आधीचा आठवडा आणि नंतरचे काही दिवस यांतला आईचा ताप सगळ्यात धोक्याचा.

थायलंडमधल्या डॉक्टरांनी २००४ साली अशा १७ आई-बाळांच्या नोंदी एकत्र करून मांडल्या. त्यात बाळांना ताप आला तो जन्मानंतर पहिल्या ते अकराव्या दिवसाच्या आत, सरासरी चौथ्या दिवशी. आता आपल्या घरातलं कॅलेंडर डोळ्यासमोर आणा. पाचवी, आणि मग बारावं म्हणजे बारसं. बरोबर तोच काळ! ज्या दिवसांत घर पाहुण्यांनी भरलेलं असतं, घुगऱ्या शिजत असतात, बाळंतिणीला आणि बाळाला बघायला गल्ली लोटते, त्याच दिवसांत हा ताप दबकत येतो. आणि तोपर्यंत आई-बाळ दवाखान्यातून घरी आलेले असतात. साधी प्रसूती असेल तर दोन-तीन दिवसांत सुट्टी मिळते. म्हणजे पहिलं लक्षण दिसणार ते डॉक्टरला नाही, आजीला.

घाबरवायचा हेतू नाही, म्हणून हेही सांगते. आईला डेंग्यू झाला म्हणजे बाळाला होणारच असं नाही. फ्रेंच गयानामध्ये झालेला एक लहानसा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला, त्यात साधारण पाचातल्या एका बाळापर्यंत विषाणू पोचल्याचं दिसलं. विषाणू पोचलेली काही बाळं तर अजिबात आजारी पडत नाहीत. आणि आजारी पडलेली बहुतेक बाळं वेळेवर उपचार मिळाले तर बरी होतात. डेंग्यूवर खास असं औषध नाही. सलाइन किती द्यायचं, प्लेटलेट किती उतरल्या, कुठं रक्तस्राव होतोय का, यावर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवणं हाच उपचार. त्या मुलीचा भाचाही नऊ दिवसांनी घरी आला. पण मलेशियात १९९७ साली डॉक्टरांनी लिहून ठेवलेल्या दोन बाळांपैकी एक वाचलं नाही. म्हणून पाचवी पुजून मग जाऊ, हे चालत नाही.

बाळंतिणीची खोली

आपल्याकडे बाळंतिणीची खोली कशी असते? खिडक्या बंद, दाराला जुनं लुगडं नाहीतर चादर, खाली शेगडी, भिंतीवरच्या खुंट्यांना कपडे. वारं लागू नये म्हणून हा बंदोबस्त. एडिस डासाला काय आवडतं? अंधारी, दमट, वारं नसलेली जागा. पलंगाखाली, टांगलेल्या कपड्यांमागं तो बसून राहतो. आणि चावतो दिवसा, त्यातही सकाळी उजाडल्यावर आणि दिवस मावळायच्या आधी. आपण मच्छरदाणी लावतो रात्री! बाळंतीण आणि बाळ तर दिवसभर झोपलेले असतात. तेव्हा मच्छरदाणी चोवीस तास लावली पाहिजे, आणि बाळंतपणानंतर नव्हे, लेक माहेरी आली त्या दिवसापासून. ओट्यावर बसून दुपारी भाजी निवडतानाही तिचे पाय झाकलेले असावेत.

धुरी दिली की डास पळतात असं आजी म्हणतात. डास थोडे पळतातही, पण तेवढ्याच खोलीत त्या बाळाची फुप्फुसं असतात. बंद खोलीत कॉइल लावणं तर त्याहून वाईट. या बाबतीत मी माझ्या सासूबाईंशी भांडलेली आहे, त्यामुळे हे सोपं नाही हे मला माहीत आहे.

आता पाण्याचं. मराठवाड्यातल्या माणसाला पाणी साठवू नका म्हणून सांगणं म्हणजे चेष्टा आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते आपण विसरलेलो नाही. पहिल्या गाडीत सुमारे ५ लाख लिटर पाणी होतं. त्याआधी मार्चमध्ये लातूर शहरात पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावायची वेळ आली होती. त्या वर्षी ज्यानं-त्यानं मिळेल त्या भांड्यात पाणी भरून ठेवलं, आणि ती सवय चांगला पाऊस पडला तरी गेलेली नाही. नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नसला की घरात बॅरल, रांजण, हौद, माळवदावर टाकी असणारच. म्हणजे आपला डेंग्यू नुसता पावसाळ्याचा नाही, टंचाईचाही आहे. जोरदार पावसात डबकी वाहून जातात, बॅरलमधलं पाणी मात्र पंधरा-पंधरा दिवस हलत नाही. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात.

मग करायचं काय? 'कोरडा दिवस पाळा' असं पत्रकात लिहून येतं. त्याचा अर्थ लोक पाणी फेकून द्या असा लावतात आणि कुणी पाळत नाही. कोण फेकणार? पाणी फेकायची गरज नाही. फडक्यातून गाळून दुसऱ्या भांड्यात घ्या, रिकाम्या बॅरलची आतली कड काथ्यानं खसखसून घासा, वाळू द्या, मग तेच पाणी परत भरा आणि वर कापड ताणून बांधा. घासायचं अशासाठी, की एडिसची मादी अंडी पाण्यात सोडत नाही, ती भांड्याच्या भिंतीला पाण्याच्या वरच्या कडेला चिकटवते. नुसतं ओतून दिलं तर अंडी तिथंच राहतात. वाळली तरी महिनोन् महिने जिवंत राहतात आणि पाणी आलं की फुटतात. मोठ्या हौदाला हे जमत नाही, तिथं गप्पी मासे सोडा. आरोग्य केंद्रात विचारलं तर सांगतात कुठं मिळतील.

ज्या घरात लेक बाळंतपणाला येणार आहे, त्या घरात आठवड्यातून एकदा हे झालंच पाहिजे. एकट्या घरानं भागत नाही, शेजारच्यांच्या छतावरची टाकी, मागच्या परसातलं फुटकं घंगाळ, फ्रीजच्या पाठीमागचा ट्रे, कूलर, सगळं आलं. हा डास फार लांब उडत नाही, म्हणजे चावणारा डास बहुतेक आपल्या गल्लीतलाच असतो.

ताप सांगा, कार्डावर लिहून घ्या

माझं मुख्य म्हणणं आता येतं. डास संपवणं एका घराच्या हातात नाही, पण ताप सांगणं आहे.

दिवस भरत आलेल्या बाईला ताप आला, तर तो 'बाळंतपणाचा' ताप म्हणून सोडू नका. त्याच दिवशी दाखवा. पहिल्या पाच दिवसांत एनएसवन तपासणीत डेंग्यू कळू शकतो, त्यानंतर आयजीएम तपासणी करतात. मेडिकलमधून स्वतःच्या मनानं गोळी आणू नका. पॅरासिटामॉलही डॉक्टरांना विचारूनच. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅस्पिरिन यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो, आणि डेंग्यूत प्लेटलेट आधीच उतरलेल्या असतात. काही गरोदर बायकांना रक्तदाबाच्या धोक्यासाठी डॉक्टरांनीच अ‍ॅस्पिरिनची लहान गोळी दिलेली असते. ती परस्पर बंद करू नका, पण ताप आला की डॉक्टरांना तेवढं नक्की सांगा. पपईच्या पानाचा रस वगैरे प्रयोग या अवस्थेत नकोतच. आणि ताप उतरला म्हणजे सुटलो, असंही नाही. डेंग्यूत खरा धोका बहुतेक वेळा ताप उतरताना सुरू होतो. बाळंतपण त्याच दिवसांत आलं तर रक्ताची सोय असलेल्या दवाखान्यात ते व्हायला हवं. औशाच्या लोकांसाठी लातूरचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय वीसेक किलोमीटरवर आहे, १०८ नंबरची गाडी आहे. हे आधी ठरवून ठेवलं की रात्री धावपळ होत नाही.

बाळ झालं, की आईच्या तापाची गोष्ट बाळाबरोबर गेली पाहिजे. माता-बाल संरक्षण कार्ड प्रत्येक गरोदर बाईकडं असतं. त्यावर पेनानं लिहून घ्या, अमुक तारखेला ताप होता. बाळाच्या डॉक्टरला दाखवा. आशाताई बाळाला बघायला घरी येतात. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर त्यांच्या भेटी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी ठरलेल्या असतात. पहिल्या तीन भेटी बघा, ज्या दिवसांबद्दल आपण बोलतोय तेच दिवस. आशाताई वजन करतात, ताप बघतात. पण आईला ताप होता हे घरच्यांनी सांगितलं नाही, तर त्यांना तरी कसं कळणार?

बाळाकडं बघायचं काय? दूध ओढेना, उठवलं तरी मलूल, काखेत थर्मामीटर लावल्यावर ३७.५ अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त, नाहीतर उलट अंग गार पडणं, अंगावर लाल-जांभळे ठिपके, नाळेतून किंवा कुठूनही रक्त, पोट फुगणं, श्वास भरभर चालणं. यातलं एक जरी दिसलं तरी त्याच तासाला निघायचं. (पहिल्या दोन-तीन दिवसांत बाळाची शी काळपट-हिरवी असतेच, त्यानं घाबरू नका. पण नंतर पिवळी होऊन पुन्हा काळी झाली तर दाखवा.) ही लक्षणं डेंग्यूचीच असतील असं नाही, जंतुसंसर्गाचीही असतात, आणि तोही तितकाच घातक. म्हणून घरी बसून नाव ठरवत बसू नये.

एक शंका बायका हळूच विचारतात, की ताप असताना अंगावर पाजायचं का? दुधातही हा विषाणू सापडल्याची नोंद आहे. न्यू कॅलेडोनिया बेटावरच्या डॉक्टरांनी २०१३ साली ती प्रसिद्ध केली. तरीसुद्धा दूध बंद करा असं कुणी सांगत नाही, पाजत राहा असंच सांगतात. आईच्या दुधानं होणारा फायदा त्या शंकेपेक्षा फार मोठा आहे. आपल्याकडं ताप आला की बाळ आईपासून बाजूला काढून वरचं दूध सुरू करतात, ते करू नका.

झिकाला धावलो, डेंग्यूला का नाही?

हाच एडिस डास झिकाही पसरवतो. महाराष्ट्रातला झिकाचा पहिला रुग्ण जुलै २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसर गावात सापडला. पुढं २०२४ च्या जून-जुलैत पुण्यात झिका आला, त्यात गरोदर महिलाही होत्या. तेव्हा केंद्र सरकारनं राज्यांना सूचना पाठवल्या, गरोदर महिलांची तपासणी करा, पोटातल्या बाळाच्या वाढीवर लक्ष ठेवा. वर्तमानपत्रं भरून आली. ते योग्यच झालं. पण त्याच डासाचा डेंग्यू आपल्या गावात दरवर्षी येतो, आणि दिवस भरलेल्या बाईला "ताप आला होता का गं?" हा एक प्रश्न विचारायची सवय आपल्याला लागलेली नाही. आजार नवा असला की धाक वाटतो, जुना झाला की तो घरातलाच वाटायला लागतो.

हे मी स्टाफरूममध्ये बोलले तेव्हा एक ज्येष्ठ सर म्हणाले, "मॅडम, सहावीच्या पोरांना बाळंतपणाचं काय सांगता? पालक येतील भांडायला." त्यांचा मुद्दा अगदीच सोडून देण्यासारखा नाही. पण मी म्हटलं, सर, बाळंतपण त्यांच्याच घरात होतंय. ताई त्यांच्याच घरी आलेली असते. दवाखान्यातून डबा आणणं-नेणं, मेडिकलमधून गोळी आणणं, बाळाला बघायला शेजारच्या मावशीला बोलावणं, ही कामं कोण करतं? हीच पोरं. वारेचं नाव घेतलं म्हणून ती बिघडत नाहीत. "पोटातल्या बाळाला आईच्या रक्तातून अन्न मिळतं, कधी कधी आजारही मिळतो," एवढं वाक्य सहावीला समजतं. भांडायला कुणी आलं नाही. एक आजोबा मात्र आले होते, घरी सून आठव्या महिन्यात आहे, मच्छरदाणी दिवसा कशी बांधायची ते विचारायला.

फळ्यावरचं वाक्य मी आता असं लिहिते: "डेंग्यू एडिस डासाच्या मादीमुळे पसरतो. सोबत बसल्यानं, जेवल्यानं तो होत नाही. पण बाळंतपणाच्या सुमारास आईला डेंग्यू असेल, तर तो बाळाला होऊ शकतो." रक्त चढवण्यातूनही क्वचित होऊ शकतो, पण ते मी नववीसाठी ठेवलं आहे.

हे वाक्य लिहिल्यावर त्याच मुलीनं पुढचा प्रश्न विचारला. माणसाच्या आईकडून बाळाला जातो, मग डासाच्या आईकडून? या वेळी मला उत्तर माहीत होतं. जातो. विषाणू असलेल्या मादीच्या काही अंड्यांतही तो उतरतो, म्हणजे तो डास जन्मतःच विषाणू घेऊन बाहेर पडू शकतो.

मग साहजिकच सगळ्या वर्गाची नजर खिडकीबाहेर गेली. आमच्या शाळेच्या बागेत रंग दिलेले जुने टायर आहेत. लाल, पिवळे, निळे. शाळा सुंदर दिसावी म्हणून मीच पुढाकार घेऊन लावलेले, त्यांचे फोटोही मोठ्या हौसेनं सगळ्यांना पाठवले होते. मधल्या सुट्टीत मुलांनी बॅटरी घेऊन आत बघितलं. अकरा टायरांपैकी चार टायरांत पाणी होतं आणि दोनांत वळवळणाऱ्या अळ्या. शाळेच्या भिंतीपलीकडं तीन घरं सोडून त्या मुलीचं घर आहे.

त्या टायरांतूनच तिच्या बहिणीला ताप आला असं मला म्हणता येणार नाही. नाही आला असंही म्हणता येत नाही. नऊ टायर भंगारवाल्याला दिले. दोन मुलांनी हट्टानं ठेवून घेतले, त्यांना खालून भोकं पाडून माती गच्च भरली आहे आणि त्यात सदाफुली लावली आहे. दर शनिवारी शाळा सुटायच्या आधी दोघं जण आत हात घालून बघतात आणि वहीत तारीख टाकतात.